आफ्रिकेतल्या खेड्यात दोन आठवड्यांची मिशनसेवा: मुंबईहून निघणाऱ्या गटासाठी

मुंबईतल्या चर्चचा, म्हणजे पॅरिशचा किंवा मंडळीचा, गट मिशनसेवेला जायचं म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न रजेचा असतो, आणि रजा मिळते ती मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. गडबड इथूनच सुरू होते. केनिया, युगांडा, टांझानियाच्या बऱ्याच भागात पावसाचे दोन हंगाम असतात: मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. म्हणजे आपल्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या त्यांच्या पावसात. डांबरी रस्ता सोडल्यावर उरलेले वीस-तीस किलोमीटर मातीचे असतात आणि काळ्या मातीत गाडी रुतली की तो दिवस गेला. मराठवाड्यात पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पूर्व आफ्रिकेसाठी जून ते सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी धरा. केनियात ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते. मुलांचं बायबल शिबिर घ्यायचं तर हे सोयीचं, शाळेत शिकवायचं तर निरुपयोगी. मे महिन्याशिवाय रजा मिळणारच नसेल तर देश बदला. मलावी आणि झांबियात पाऊस एकदाच, नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यात तिथे रस्ते कोरडे होत आलेले असतात आणि मका नुकताच घरात आलेला असतो. याच देशांत जानेवारी ते मार्च मात्र जाऊ नका. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात, अशा दिवसांत दहा पाहुणे जेवायला बसवणं गावाला जड जातं, आणि ते तुम्हाला तसं कधीच सांगणार नाहीत.

बोलावणं कोणाचं?

तिकीट काढण्याआधी, साधारण सहा महिने आधी, तिथल्या पाळकाकडून किंवा धर्मगुरूंकडून लेखी बोलावणं हवं. ‘या, तुमचं स्वागत आहे’ एवढं पुरत नाही. त्यांना चार गोष्टी विचारा. काम नेमकं कोणतं? ते आत्ता कोण करतं? आम्ही गेल्यावर कोण करणार? आणि हेच काम गावातल्या माणसांना मजुरी देऊन केलं तर किती खर्च येईल? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण गटाचा खरा उपयोग त्यावरूनच कळतो. शाळेची भिंत रंगवायला मुंबईहून दहा जण नेण्यात अर्थ नाही, गावात रंगारी असतो आणि त्याला रोजगाराची गरज असते. पंपाची दुरुस्ती, हिशेब ठेवायचं प्रशिक्षण, संडे स्कूलच्या शिक्षकांचा वर्ग, दातांची तपासणी, सोलर वायरिंग अशी कामं, जिथे तुमच्या गटातल्या कोणाच्या तरी हातात खरोखर कसब आहे, तीच घ्या.

गट आठ ते दहा जणांचा ठेवा. हे आकडे गाडीवरून येतात. तिकडची भाड्याची व्हॅन नावाला चौदा सीटची असते, पण सामान आत घेतलं की दहाच माणसं धड बसतात. अकरावा माणूस म्हणजे दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर, दुप्पट डिझेल. दोन आठवड्यांतले प्रवासाचे चार दिवस आणि दोन रविवार वजा केले तर कामाला आठ दिवस उरतात. बेत आठ दिवसांचा करा आणि त्यातही एक दिवस रिकामा ठेवा.

(महाराष्ट्राचा आणि पूर्व आफ्रिकेतल्या मिशनचा संबंध जुना आहे. नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे शिकवलं जाई. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तिथला जेकब वेनराइट होता, आणि १८७५ मध्ये मोंबासाजवळ वसलेल्या फ्रिअरटाउनमध्ये नाशिकला शिकलेली माणसं जाऊन राहिली. नैरोबीत कोणी विचारलं की भारतातून मिशनला कसे काय आलात, तर हे सांगता येतं.)

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने हवी आणि दोन पानं कोरी हवीत. केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना लागतो, युगांडा आणि टांझानियाला ई-व्हिसा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. सर्चमध्ये वर येणाऱ्या एजंटांच्या साइट्स दिसायला हुबेहूब असतात आणि वर जादा पैसे घेतात.

खरी मेख व्हिसाच्या प्रकारात आहे. पर्यटक म्हणून आत जाऊन शिकवणं, उपदेश करणं, रुग्ण तपासणं किंवा बांधकाम करणं हे पगार नसला तरी ‘काम’ धरलं जाऊ शकतं. प्रत्येक देशाची थोड्या मुदतीच्या कामासाठी वेगळी परवानगी असते. ती यजमान संस्थेनेच काढायची असते आणि तिला आठवडे लागतात. इमिग्रेशनच्या खिडकीवर खोटं बोलायची वेळ येऊ देऊ नका. मिशनच्या माणसाने ‘सफारीला आलोय’ म्हणावं, हे सोबतच्या तरुणांसमोर तर मुळीच शोभत नाही.

डॉक्टर, नर्स असतील तर आणखी एक टप्पा आहे. भारतातली नोंदणी तिथे चालत नाही. केनियात आणि युगांडात तिथल्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेचा तात्पुरता परवाना लागतो, आणि शिबिरासाठी औषधं न्यायची तर केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची, युगांडाच्या नॅशनल ड्रग ऑथॉरिटीची आगाऊ मंजुरी. ती नसेल तर औषधांची खोकी कस्टममध्ये अडकतात आणि शिबिराच्या दिवशी डॉक्टर रिकाम्या टेबलाशी बसतात. शक्यतो औषधं तिथल्याच मिशन हॉस्पिटलच्या पुरवठादाराकडून विकत घ्या. मुदत, लेबल, भाषा, सगळं स्थानिक असतं आणि उरलेला साठा वापरात राहतो.

लसी आणि मलेरिया

यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण लस घेतल्याचं कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. एकच डोस, आणि २०१६ पासून कार्ड आयुष्यभर चालतं. मुंबईत ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, जसं की विमानतळ आरोग्य संस्था आणि बंदर आरोग्य संस्था. नोंदणी आधी करावी लागते, दिवस ठरलेले असतात, म्हणून दहा दिवसांचा नियम धरून अकराव्या दिवशी जाऊ नका. दोन महिने आधीच उरका. पोलिओच्या डोसाचा नियम देशागणिक आणि वेळोवेळी बदलतो, तोही तिथेच विचारून घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा वय साठच्या पुढे असेल तर लस टोचण्याआधी डॉक्टरला सांगायचं.

लोकांना वाटतं की कार्ड तिकडे जाताना लागतं. आपल्याकडे ते परत येताना जास्त लागतं. केनिया, युगांडासारख्या यलो फीव्हरच्या देशांतून आलेल्या आणि वैध कार्ड नसलेल्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जातं. तुम्ही फक्त अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलून मलावीला जाणार असलात, तरी कार्ड जवळ असू द्या.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, धनुर्वात या लसी आपल्या डॉक्टरकडून पूर्ण करा. कुत्रा चावल्यावर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन खेड्यात मिळणं कठीण, म्हणून रेबीजची आगाऊ लस घेतलेली बरी. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात डिसेंबर ते जून जाणार असाल तर मेंदूज्वराची (मेनिंगोकोकल) लसही.

आता मलेरिया. ‘आम्ही मुंबईचे, मलेरिया होऊन गेलाय, आम्हाला काय होतंय’ हे वाक्य प्रत्येक गटात कोणीतरी म्हणतंच. मुंबईतल्या अनेकांना होतो तो बहुधा व्हायव्हॅक्स जातीचा, आणि आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम जातीचा. तो चोवीस तासांत गंभीर होऊ शकतो, क्लोरोक्विनला दाद देत नाही, आणि लहानपणीच्या तापाने त्याच्यापासून संरक्षण मिळत नाही. प्रतिबंधक गोळ्या सगळ्यांनी घ्यायच्या. कोणती, हे डॉक्टर ठरवेल. हिशेब मात्र तुम्हाला माहीत हवा:

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, निघण्याच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. चौदा दिवसांच्या दौऱ्याला २ + १४ + २८ म्हणजे ४४ गोळ्या. स्वस्त आहे, पण गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दुधाबरोबर नाही. उन्हात कातडी भाजते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, पण परतल्यावर सातच दिवस. एकूण २३ गोळ्या. त्रास कमी, किंमत जास्त, आणि मुंबईतल्या प्रत्येक केमिस्टकडे ती नसते. आधी चौकशी करा.

मेफ्लोक्विन आठवड्याला एक, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. फिट्स, नैराश्य किंवा मानसिक आजार होऊन गेलेल्यांना नको.

चुकतं कुठे? परतल्यावर. मुंबईत सहार विमानतळावर उतरलं की गोळ्या सुटतात, आणि नेमका तेव्हाच रक्तात उतरू पाहणारा परजीवी मोकळा सुटतो. गटप्रमुखाने व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री आठवण टाकायची, चार आठवडे. कटकट वाटली तरी टाकायची.

गोळीच्या जोडीला औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळपासून पूर्ण कपडे, आणि डास दूर ठेवणारं, डीट असलेलं मलम. मलेरियाचा डास ॲनोफिलिस संध्याकाळ ते पहाट चावतो, आणि बाहेरच्या अंगणातल्या प्रार्थनासभाही बहुधा त्याच वेळी असतात.

बाकी तीन गोष्टी मुंबईकराच्या डोक्यात नसतात. तलावात, विशेषतः व्हिक्टोरिया आणि मलावी सरोवरात, पोहायचं नाही. गोगलगायींमधून येणारा बिल्हार्झियाचा जंत कातडीतून आत शिरतो. अनवाणी फिरायचं नाही, जिगर नावाची पिसू पायाच्या बोटात घुसते. आणि बाहेर दोरीवर वाळवलेले कपडे, अगदी आतले कपडेही, गरम इस्त्री केल्याशिवाय घालायचे नाहीत, कारण एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळ्या कातडीखाली वाढतात.

पैसे

रुपये तिथे सहसा बदलून मिळत नाहीत. डॉलर न्या, आणि नोटा नव्या हव्यात. जुन्या मालिकांच्या, म्हणजे २००९ च्या आधीच्या, नोटा बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, दुमडलेल्या किंवा शाई लागलेल्याही नाहीत. मुंबईतल्या मनी चेंजरकडे बसून एकेक नोट तपासून घ्या. १०० आणि ५० च्या नोटांना दर चांगला मिळतो. रोख परकीय चलनाची मर्यादा एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलर, बाकीचं कार्डवर.

केनियात मोबाइलवरून पैसे देण्याची एम-पेसा सेवा २००७ मध्ये सुरू झाली आणि आता खेड्यापर्यंत पोचलीय. भाजीवाली, मोटरसायकलवाला, चर्चची दानपेटीही त्यावर चालते. पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि खजिनदाराच्या एकाच फोनवरून सगळे व्यवहार करा. मग हिशेब आपोआप राहतो.

पॅरिशच्या किंवा मंडळीच्या ट्रस्टमधून खर्च करणार असाल तर आधी सीएशी बोला. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकराची सूट आपोआप लागू होत नाही. निधी गोळा करताना ‘दौऱ्याचा खर्च’ आणि ‘तिथल्या मंडळीला देणगी’ हे दोन वेगळे आकडे लोकांसमोर ठेवा. पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट असतो, आणि तो पाहून कोणी विचारलं की एवढे पैसे तसेच का नाही पाठवत, तर त्याचं उत्तर गटाकडे असायला हवं. नसेल तर खरंच पाठवून द्या.

विम्यात आजाराबरोबर हवाई रुग्णवाहिकेचा खर्च धरलेला आहे का, ते बघा. पूर्व आफ्रिकेत आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स १९५७ पासून नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून ही सेवा देते.

सामान

पिशव्यांपासून सुरू करू. आपण बॅगेत बूट, साबण, ओले कपडे सगळं प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळतो. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये आणि टांझानियाने जून २०१९ मध्ये या पिशव्यांवर बंदी आणली, आणि विमानतळावर त्या काढून घेतात. कापडी पिशव्या घ्या. लष्करी छापाची कार्गो पॅंट घरी ठेवा. युगांडा, झांबियासह काही देशांत साध्या नागरिकाने ती घालणं गुन्हा आहे. ड्रोनही नको.

केनिया-युगांडात तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. अडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड पूर्ण गटाला पुरतो. पॉवर बॅंक केबिन बॅगेत. हेडलॅंप प्रत्येकाला, कारण संडास घरापासून लांब आणि खड्ड्याचा असतो, आणि मोबाइलची बॅटरी हातात धरून तिथे बसणं जमत नाही. बायकांना गुडघ्याखाली जाणारे स्कर्ट किंवा पंजाबी ड्रेस, पुरुषांना रविवारसाठी फुलपॅंट आणि इस्त्रीचा शर्ट. खेड्यातली माणसं चर्चला ठेवणीतले कपडे घालून येतात. पाहुणे चुरगळलेल्या टी-शर्टमध्ये उभे राहिले तर तो साधेपणा वाटत नाही, अनादर वाटतो.

ओआरएसची पाकिटं माणशी दहा. एक पाकीट एका लिटरला, ग्लासात अर्धं टाकून अंदाजाने ढवळायचं नाही. पाणी उकळलेलं किंवा क्लोरिनची गोळी टाकून तीस मिनिटं ठेवलेलं.

जुने कपडे नेऊ नका. तिकडे वापरलेल्या कपड्यांचा मोठा बाजार आहे आणि त्यावर पोट भरणाऱ्या बायका आहेत. फुकटचं गाठोडं त्यांच्या धंद्यावर येतं.

पोचल्यावर

मुंबई ते नैरोबी सरळ विमान साधारण सहा तासांचं. असं विमान निवडा की गावाकडे निघालेली गाडी उजेडात पोचेल. विषुववृत्ताजवळ बारा महिने सहा-सातच्या दरम्यान अंधार पडतो, आणि रात्रीचा रस्ता हा या दौऱ्यातला सगळ्यात मोठा धोका आहे, सापांपेक्षा आणि सिंहांपेक्षा कितीतरी मोठा. उशीर झाला तर शहरातच मुक्काम करा. बोडा-बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, गटातल्या कोणीही बसायचं नाही, हा नियम मुंबईतच सांगून ठेवा.

पहिल्या दिवशी गावच्या प्रशासनाला भेटा: केनियात चीफचं ऑफिस, युगांडात एलसी-वन चेअरमन, म्हणजे गाव-परिषदेचा अध्यक्ष. २०२३ मध्ये केनियातल्या शाकाहोला इथे एका पंथाच्या नादी लागून चारशेहून अधिक माणसं मेली. त्यानंतर बाहेरून आलेल्या उपदेशकांबद्दल तिथे प्रश्न विचारले जातात, आणि ते रास्तच आहे.

वेळेचा घोळ हमखास होतो. स्वाहिली बोलणारे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे त्यांचा पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. कोणी ‘सा ताटू’ला सभा आहे म्हणालं आणि तुम्ही पहाटे तीन किंवा दुपारी तीन समजलात, तर सभा हुकते. सांगितलेल्या आकड्यात सहा मिळवा आणि तरीही एकदा इंग्रजी वेळ विचारून खात्री करा.

कामाचं बोलण्याआधी नमस्कार, आणि तो सावकाश. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘मारहाबा’ म्हणतात. कॅथलिकांमध्ये ‘तुम्सिफू येसू क्रिस्तो’, त्याला उत्तर ‘मिलेले, आमिना’. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘ब्वाना असिफिवे’. एवढं पाठ असलं तरी पहिले दोन दिवस सुसह्य होतात. आपल्याला ते गोरा म्हणत नाहीत, ‘मुहिंदी’ म्हणतात, आणि त्या शब्दामागे शंभर वर्षांचे भारतीय दुकानदार उभे असतात. युगांडातून इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना हाकललं, ती आठवणही असते. भाव कमी करण्यावरून भांडू नका, नोकराला हाक मारावी तशी कोणाला हाक मारू नका. आपल्या सवयीचा आवाज तिथे आणखी चढा वाटतो.

जेवणात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बरोबर सुकुमा पालेभाजी, घेवडा, कधी कोंबडी. युगांडात हिरव्या केळ्यांचं मटोके. चपाती आणि चहा ही नावं तिकडेही तीच. वाढलेली कोंबडी गावाने तुमच्यासाठी कापलेली असते, ती नाकारू नका. तिखटाची बाटली मात्र खोलीत ठेवा, पानात काढून त्यांच्या जेवणावर ओतू नका.

रविवारची उपासना तीन तास चालते, गटाला पुढे बोलावतात आणि ‘साक्ष’ द्यायला, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगायला लावतात. दोघांनी तयारी करून ठेवा, बाकीच्यांनी नाव आणि गाव सांगून बसावं. दुभाष्यामार्फत वीस मिनिटं बोलायचं तर मजकूर दहा मिनिटांचा हवा. वाक्यं छोटी, विनोद नको, म्हणी तर मुळीच नको. वचनांचे संदर्भ आदल्या रात्री दुभाष्याला द्या म्हणजे तो आपल्या बायबलमधून वाचेल. मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून स्वाहिली अशी साखळी लावू नका. तिसऱ्या माणसापर्यंत पोचेस्तोवर अर्थ पातळ होतो. साध्या इंग्रजीचा सराव घरी करून जा.

दोन कामं, नीट

पावसाचं पाणी साठवणं हे शाळा आणि चर्चसाठी सगळ्यात उपयोगी काम, आणि सगळ्यात जास्त बिघडणारंही. आठ बाय सात मीटरची वर्गखोली म्हणजे ५६ चौरस मीटर पत्रा. एक मिलिमीटर पावसाचं दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, त्यातलं ऐंशी टक्के हाती लागतं. म्हणजे मिलिमीटरला ४५ लिटर, आणि ५,००० लिटरची टाकी भरायला ११० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. साठ मुलांना दिवसाला दोन लिटर धरलं तर ती टाकी चाळीस दिवस जाते. एवढा हिशेब मुंबईत बसून करता येतो. लागतात फक्त छपराची मापं आणि गावचा पाऊस.

टाकी तिथेच विकत घ्या आणि काम गावच्या फुंडीच्या, म्हणजे मिस्त्रीच्या, हाताखाली करा. दगड वाहणं, माती ठोकणं, पन्हळ धरणं ही तुमची कामं. भरलेली टाकी पाच टनांची असते, म्हणून ओटा ठोकलेल्या मातीवर, दगड-सिमेंटचा आणि पाणसळीत हवा. एका बाजूने खचला की टाकीला चीर जाते. ओट्याची उंची साठ सेंटिमीटर ठेवा. पाणी न्यायला येतात ते वीस लिटरचे पिवळे जेरीकॅन घेऊन, आणि तोटी खाली असेल तर कॅन तिच्याखाली उभाच राहत नाही. मग पोरं तो तिरका करून अर्धा भरतात, बाकीचं सांडतं, चिखल होतो, आणि ओटा खचायला लागतो. पन्हळीला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. पहिल्या पावसात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा येते, ते पाणी वगळायचं: दर चौरस मीटरला अर्धा लिटर, म्हणजे इथे २८ लिटर. चार इंची पाइपात मीटरला साधारण आठ लिटर मावतं, म्हणून साडेतीन मीटर पाइप, आणि छप्पर तेवढं उंच नसल्याने दोन उभे तुकडे. त्यांच्या तळाशी बूच असतं, ते दर पावसानंतर उघडायचं. तोंडाला बारीक जाळी, नाहीतर टाकी डासांची होते. ओसंडणारं पाणी ओट्यापासून लांब काढा. बूच कोण उघडणार आणि तोटी कोण बदलणार, त्या दोघांची नावं भिंतीवर रंगवा. दोन जादा तोट्या देऊन या.

दुसरं काम वाचायच्या चष्म्यांचं. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, आणि बायबल वाचणारे, शिवणकाम करणारे, धान्य निवडणारे सगळे अडतात. जिल्हा आरोग्य कार्यालयाची परवानगी आणि स्थानिक नेत्रसहायक हवा. आधी लांबची नजर: सहा मीटरवर तक्ता, एकेक डोळा झाकून. लांबचंही दिसत नसेल तर चष्मा द्यायचा नाही, चिठ्ठी लिहून रुग्णालयात पाठवायचं. मोतीबिंदू झालेल्याला रेडिमेड चष्मा दिला तर तो समजतो की उपचार झाला, आणि ऑपरेशन राहून जातं. लांबचं ठीक असेल तर ४० सेंटिमीटरवर त्यांच्याच बायबलचं पान धरा. वाचता येत नसेल तर सुई ओवायला किंवा घेवड्यातले खडे निवडायला द्या. पंचेचाळीसच्या आसपास दीड नंबर, पन्नाशीला दोन, पंचावन्नला अडीच इथून सुरुवात करा, आणि ज्या सगळ्यात कमी नंबरने काम होतं तो द्या. शंभर चष्मे नेणार असाल तर एकचे १५, दीडचे २५, दोनचे ३०, अडीचचे २०, तीनचे १०. छोटी किंमत ठेवावी की फुकट द्यावेत, ते यजमानांना ठरवू द्या.

मुलं, फोटो, मागण्या

कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने खोलीत थांबायचं नाही, दोन मोठी माणसं कायम. अनाथाश्रमाला ‘भेट’ हा कार्यक्रम टाळा. तिथल्या बऱ्याच मुलांची आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलं घरापासून लांब ठेवण्याचा धंदा चालतो. फोटो विचारूनच काढा. मुलाचं नाव, शाळा आणि गाव एकत्र टाकू नका. वाहतं नाक आणि फाटका सदरा यांचा क्लोज-अप आपल्या मुलाचा कोणी टाकलेला चालेल का, एवढं मनाशी विचारा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाजूला घेऊन मागणी होते: शाळेची फी, औषध, फोन, मोटरसायकल. गरज खरी असते. उत्तर सगळ्यांचं एकच असावं: गटप्रमुखाला सांगा, तो मंडळीच्या समितीशी बोलेल, निर्णय परत गेल्यावर. एकाने खिशातून दिलं की गावात पाहुण्यांचे दोन भाग पडतात, देणारे आणि न देणारे, आणि पाळकाला पुढचं वर्षभर त्याचं ऐकावं लागतं.

परतल्यावर

तीन महिन्यांच्या आत ताप आला, साधा वाटला तरी, त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी आफ्रिकेतून आलोय. मुंबईत पावसाळ्यात तापाला डेंग्यू किंवा व्हायरल समजून दोन दिवस पॅरासिटामॉल दिलं जातं, आणि फॅल्सिपेरमला ते दोन दिवस पुरेसे असतात. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप हटला नाही, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा. तलावाच्या पाण्यात उतरलात असाल तर सहा ते आठ आठवड्यांनी बिल्हार्झियाची तपासणी.

हिशेब पंधरा दिवसांत दोन्हीकडच्या मंडळींना पाठवा, पावत्यांसकट. टाकीत पाणी भरलं का, बूच उघडतात का, हे पहिल्या पावसानंतर फोन करून विचारा, आणि तोटी गळत असेल तर नवी तोटी आणि फुंडीची मजुरी पाठवा. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं की नाही, ते बोलावणं आलं तरच ठरवायचं.